तू जा, मी बघतो

फुटबॉल खेळून पोट भरलं असं सांगितलं की भिवंडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती गोल मारले? अकरा वर्षांत नऊ, असं मी खरं उत्तर देतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. मुळात मी कमी बोलणारा. मधल्या फळीत खेळणाऱ्याचं काम गोल मारायचं नसतं, हे पानाच्या टपरीवर उभं राहून कोण समजावत बसणार?

इथे मात्र समजावलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधल्या फळीत आम्ही दोघं-तिघं असतो. एक जण चेंडू घेऊन पुढे घुसला की त्याच्या पाठीमागे मोठी जागा मोकळी पडते. चेंडू हातचा गेला तर समोरचा संघ नेमका त्याच जागेतून आत येतो. म्हणून दुसऱ्याने चार पावलं सरकून ती जागा भरायची. ही चार पावलं प्रेक्षकांना दिसत नाहीत, पेपरात येत नाहीत. मी मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात ती पावलं टाकली, गोव्यातल्या एका क्लबकडून दोन हंगाम टाकली. माझे सगळे प्रशिक्षक एकच वाक्य म्हणायचे, "हा जागा सोडत नाही." ते ऐकलं की मी बुटाची नाडी सोडायला खाली वाकायचो.

का, ते आज लिहितो. ज्याला आधी सांगायला हवं होतं त्याला सांगून झालं आहे.

आमचं गाव भिवंडीच्या बाहेर, खाडीकडे. घरची भातशेती होती, आता तिथे गोदामं आहेत. काकाचा भिवंडीतल्या निजामपुऱ्यात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, गाळा होता आणि शाळेच्या सुट्टीत मी तिथे सुताच्या कांड्या भरायला जायचो. तिथेच माझा मित्र भेटला. त्याचे वडील काकाच्या गाळ्यात लूम चालवायचे, आणि सोळाव्या वर्षापासून तोही चालवायला लागला. आम्ही एकाच वयाचे.

लूमच्या गाळ्यात बोललेलं ऐकू येत नाही. धोट्यांचा खडखडाट इतका की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच पोचतं. म्हणून तिथे सगळा कारभार हातांनी चालतो. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम आला. अंगठा ओठाला लावला की चहा. आणि एक खूण होती जिच्यावर सगळा गाळा चालायचा. पंजा छातीवर ठेवायचा आणि मग दोन बोटं पुढे झटकायची. म्हणजे, तू जा, मी बघतो.

एकेका माणसाकडे चार-सहा लूम. त्याला लघवीला जायचं असलं तरी लूम थांबत नाहीत. मग शेजारचा ती खूण करतो, आणि तो निर्धास्त जातो. मागे धागा तुटला तर शेजारचा धावत जाऊन जोडतो, आपलं कापड सोडून. ही खूण करून कोणी जागचा हलला नाही, असं मी त्या गाळ्यात कधी पाहिलं नाही. भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, एकमेकांचे डबे पळवले जायचे, पण ही खूण खोटी पडत नसे.

हीच खूण आम्ही मैदानावर नेली. मी छातीवर हात ठेवून बोटं झटकली की तो चेंडू घेऊन पुढे, आणि मी त्याच्या जागेवर. त्याने केली की मी पुढे. समोरच्या संघाला वाटायचं, ही पोरं छाती का चोळतात? थांब म्हणायचं असलं तर छातीवरचा पंजा तसाच उघडून समोर धरायचा. सुरुवात दोन्हींची सारखीच, फरक शेवटच्या झटक्याचा. आमचं कधी चुकलं नाही.

तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. यात वाद नाही, तेव्हाही नव्हता. माझी आई सुद्धा म्हणायची, "त्याच्या पायात चेंडू ऱ्हातो. तुझ्या पायात चिखल."

विशीत असताना कंपनीच्या संघाची निवड चाचणी निघाली. निवडलं तर संघात जागा आणि कंपनीत नोकरी. आम्ही दोघं गेलो. मैदानाच्या कडेला बूट बांधताना निवड करणाऱ्यांपैकी एकाला मी बोलताना ऐकलं, "बीच में एक ही लेना है." मित्राने ऐकलं नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही.

आम्हा दोघांना एकाच बाजूने खेळवलं. उत्तरार्धात त्याच्याकडे चेंडू आला, समोर रान मोकळं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी छातीवर हात ठेवला आणि दोन बोटं झटकली. तो गेला.

मी हललो नाही.

पाय जड झाले होते, दमलो होतो, क्षणभर काही सुचलंच नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. खरं असं की मी विचार केला. एवढाच विचार, की आता चेंडू गेला तर मोकळी जागा त्याच्या नावावर लागेल. आणि मी उभा राहिलो. चेंडू गेला. समोरची दोन पोरं त्या मोकळ्या जागेतून आत आली आणि गोल झाला. कडेला बसलेल्या माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आठ नंबर जगह छोडता है." आठ नंबर मित्राचा होता.

मला नोकरीची गरज नव्हती. घरी जमीन होती. गरज त्याला होती. हेही लिहून टाकतो.

ठाण्याहून एसटीने परत येताना तो खिडकीशी बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तू बोटं झटकलीस ना रे?"

"थांब म्हणालो होतो," मी म्हणालो. "पंजा धरला होता मी."

त्याने स्वतःचा हात छातीवर ठेवला. एकदा बोटं झटकली, एकदा पंजा धरला. परत दोन्ही करून पाहिलं.

"मग मलाच नीट दिसलं नाही," तो म्हणाला.

भांडला असता तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि ते दार बंद झालं. आठ दिवसांनी माझं निवडीचं पत्र आलं तेव्हा तो आमच्या घरी स्वतःचे बूट घेऊन आला. "माझे नवे आहेत, तू घेऊन जा. लूमवर काय बूट घालून उभा राहू?" ते मला एक माप मोठे होते. पहिला हंगाम मी बोटांशी सुताचा बोळा कोंबून ते बूट घालून खेळलो.

पुढची अकरा वर्षं सांगण्यासारखी आहेत, पण थोडक्यात सांगतो. सकाळी सराव, दुपारी कंपनीत खुर्चीवर डुलक्या. गोव्यात लाल मातीची मैदानं, आणि तिथला एक प्रशिक्षक, जो मला नावाने हाक न मारता नुसता "कुलूप" म्हणायचा. कोणीही पुढे गेला की मी त्याच्या मागे असायचो. एकदा ताप अंगात घेऊन खेळलो, कारण मी बसलो तर ती जागा कोण भरेल, ही एकच धास्ती. लोकांना वाटायचं शिस्त. एका माणसाची जागा मी भरली नाही, तिची भरपाई मी बाकी सगळ्या जगाच्या जागा भरून करत होतो. भरपाई होत नसते, हे मला माहीत होतं.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. त्या दिवशी मुंबईत सामना असला की तो यायचा. गर्दीत उभा राहून बघायचा आणि संपल्यावर, मालकाचा पुतण्या म्हणून मला चिडवत, म्हणायचा, "शेठ, डाव्या बाजूला थोडं लवकर सरक." त्याचं बरोबर असायचं.

मग गुडघा गेला आणि खेळ सुटला. नोकरी आणखी काही वर्षं केली आणि गावी परत आलो. तो तोपर्यंत लूम चालवायचा सोडून ते दुरुस्त करायला लागला होता, चांगला जॉबर म्हणून चार गल्ल्यांत त्याला हाका यायच्या. आणि रविवारी मुलींचा फुटबॉल संघ शिकवायचा. त्यांना मैदान नव्हतं. आमच्या गोदामांच्या मागे एक तुकडा उरला होता, तो मी दिला. गावात म्हणाले, केवढं मोठं मन. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्याची मुलगी सतरा वर्षांची आहे. आठ नंबर. बापासारखाच पाय, चेंडू पायाला चिकटून असतो. मुंबईतल्या एका क्लबची निवड चाचणी तिला पुढच्या महिन्यात द्यायची आहे. दोन महिन्यांपूर्वी तो मला म्हणाला, "तू तिला एकदा नीट बघ. सगळं येतं तिला, पण अर्धा सेकंद उशीर होतो. कुठे होतो ते मला कळत नाही. तिकडे अर्ध्या सेकंदात पत्ता कटतो."

मी खुर्ची टाकून बघत बसलो. पाच मिनिटांत कळलं.

तिच्याकडे चेंडू आला, समोर मोकळं होतं. बाजूच्या मुलीने छातीवर हात ठेवून बोटं झटकली. आमची खूण. पण ती गेली नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि त्या मुलीकडे बघितलं. त्या मुलीनेही दोन्ही हात वर केले. मग ही निघाली. तोवर समोरची पोर येऊन उभी राहिली होती.

पाणी प्यायला ती आली तेव्हा मी विचारलं, "हे दोन्ही हात कशाला?"

"पक्कं करायला, काका."

"कोणी शिकवलं?"

"बाबांनी. एका हाताच्या खुणेवर जायचं नाही. त्यांना एकदा नीट दिसलं नव्हतं ना, आणि सगळं गेलं. आमच्यात नियमच आहे. पक्कं केल्याशिवाय जी गेली, तिने मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या."

सत्तावीस वर्षांपूर्वी एसटीत मी एक वाक्य बोललो होतो. ते या पोरीच्या पायात येऊन अडकलं होतं. तिला नुसतं सांगता आलं असतं की पक्कं करू नकोस. तिने विचारलं असतं, का? आणि बापाने सांगितलं असतं, माझे डोळे बघ. खोटं तसंच राहिलं असतं आणि ती तशीच थांबली असती.

पुढच्या शुक्रवारी आम्ही अकलोलीच्या कुंडांवर गेलो. महिन्यातून एकदा जातो, माझा गुडघा आणि त्याची कंबर गरम पाण्यात शेकायला. त्याच्या मोटारसायकलवर मी मागे. कुंडात आमच्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर ओला टॉवेल ठेवून डोळे मिटून बसले होते.

"हा गुडघा आहे की नारळ?" माझा पाय बघून तो म्हणाला.

"तुझ्या पोरीला उशीर का होतो ते कळलं मला."

"सांग की मग. इतके दिवस काय दाबून बसलास?"

"ती पक्कं करत बसते."

"करायलाच पाहिजे. मी नाही केलं म्हणून तर..." तो हसला. "जाऊ दे. डोळेच तसले माझे."

"तुझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी पाण्यातून हात काढला, छातीवर ठेवला आणि दोन बोटं झटकली. "त्या दिवशी मी हे केलं होतं."

"हे जा आहे."

"हो."

"तू थांब केलं होतंस. तूच म्हणालास."

"खोटं बोललो. मी जा म्हणालो आणि जागा भरली नाही. मुद्दाम. एकालाच घेणार होते, ते मी ऐकलं होतं."

"अहो," म्हातारे गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले, "हातवारे बाहेर जाऊन करा. शिंतोडे उडतात."

"सॉरी, आजोबा," मित्र म्हणाला. मग हळू आवाजात मला, "म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"बोटंच होती?"

"बोटंच होती."

तो हसायला लागला. मला वाटलं शिवी येईल, हात उठेल. तो हसत होता. "अरे, धामणकर नाक्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी तीनदा जाऊन आलो! पहिल्यांदा म्हणाला, नंबर नाही. मी म्हटलं, असेल, परत बघा. तिसऱ्यांदा म्हणाला, भाऊ, डोळे चांगले असल्याचं एवढं काय दुःख आहे तुला?" आता म्हातारे गृहस्थही हसले. "रस्ता ओलांडताना मी पोरीचा हात धरायचो, शेठ. मला गाडी दिसली नाही तर? म्हणून. रस्ता नीट दिसत असून!"

मग त्याचं हसू थांबलं. तो उठला, अंग पुसलं, शर्ट उलटा घातला, काढून सुलटा घातला.

"मी जातो," तो म्हणाला. "तू बघ तुझं."

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी ऐकत होतो. मग मी आणि म्हातारे गृहस्थ. ते म्हणाले, "भिजा अजून थोडं. आता घाई कसली?"

खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. लहानपणापासूनचा मित्र मला कुंडात सोडून गेला होता, कदाचित कायमचा, आणि मला बरं वाटत होतं, याची लाजही वाटत होती. परतताना एसटीत मी खिडकीशी बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "बाई बाई, गजर वाजून वाजून दमला, आणि तुम्ही आपले आडवे! बरं आहे ना?" बरं होतं.

नऊ दिवस तो बोलला नाही. मैदानावर मी गेलो नाही. एकदा निजामपुऱ्यात समोरासमोर आलो, त्याच्या हातात पाना होता, तो बाजूच्या गाळ्यात शिरला. त्याला तिथे काम होतं की नव्हतं, कोण जाणे. दहाव्या दिवशी फोन आला.

"रविवारी ये. पोरींना तू सांग. दहा वर्षं मी त्यांना चुकीचं शिकवलं, ते मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि सरळ सांगायचं. पाय मुरगळला होता, चक्कर आली होती, असलं काही चालणार नाही."

"नाही."

"आणि बूट घालून ये."

रविवारी सोळा मुली गोदामाच्या सावलीत मांडी घालून बसल्या होत्या. तो लांब गोलपोस्टपाशी जाळीची गाठ सोडवत होता. त्या जाळीला गाठ नव्हती. मी उभा राहून सांगितलं. चार-पाच वाक्यांत झालं. इतकी वर्षं मला वाटायचं की सांगायला खूप लागेल.

त्याची मुलगी म्हणाली, "मुद्दाम?"

"हो."

"बाबा किती खेळले असते?"

"माझ्यापेक्षा जास्त. किती, ते मला माहीत नाही."

"मग हे इथे कसे काय येतात?" मागून कोणीतरी कुजबुजलं. दुसरी म्हणाली, "मैदान त्यांचं आहे गं." दोघी-तिघींनी तोंडावर हात ठेवले. मीही हसलो असतो, पण माझा तो हक्क नव्हता.

त्याच्या मुलीला हसू आलं नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, मग वळून बापाकडे बघायला लागली. "बाबा," तिने हाक मारली, "मग एक हात की दोन?"

तो जाळी सोडून आला. "एक."

"आणि बाजूच्या पोरीने फसवलं तर?"

"तर तिने फसवलं. तुझे डोळे चांगले आहेत. दिसलं की जायचं."

मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. अजूनही म्हणालेला नाही. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्याचे खेळायचे दिवस मी परत देऊ शकत नाही, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण त्या दिवशी त्याने मुलींना आठ-आठमध्ये वाटलं, स्वतः बूट घातले आणि मला म्हणाला, "चला शेठ. आपण इकडून."

पोट सुटलेला एक जॉबर आणि नारळाएवढ्या गुडघ्याचा मी. मुलींनी आम्हाला दहा मिनिटं नुसतं पळवलं. त्याची मुलगी समोरच्या बाजूला होती, आणि ती आता थांबत नव्हती. हात दिसला की सुटायची. एकदा तर माझ्या बाजूने अशी गेली की मला फक्त वारा लागला. तो ओरडला, "बघितलंस? गेली अर्धा सेकंद आधी!" कोणाला ओरडला, माहीत नाही. त्या वेळी माझ्याकडेच बघत होता.

मग त्याच्याकडे चेंडू आला. समोर मोकळं होतं. त्याने मान वळवली.

मी छातीवर हात ठेवला आणि दोन बोटं झटकली.

तो लगेच गेला नाही. फार नाही, अर्धा सेकंद. मग खाली मान घालून चेंडू घेऊन निघाला, कंबर धरत, हळू, पण पायाला चेंडू तसाच चिकटलेला. मी सरकायला लागलो. चार पावलं. दुसऱ्या पावलाला गुडघ्यात कळ आली, तिसरं लंगडत टाकलं, चौथ्याला त्याच्या जागेवर पोचलो.

"काका, जागा सोडू नका हं!" त्याची मुलगी ओरडली, आणि सगळ्या पोरी हसल्या.

पलीकडे त्याने मारलेला चेंडू गोलपोस्टच्या बाहेरून गोदामाच्या पत्र्यावर आदळला. माझ्याकडे काहीच आलं नाही. तो परत येईपर्यंत मी तिथेच उभा होतो.